घाण्यामागे एक पसा

नाही सांगायचं म्हटलं तरी बसलातच का — बरं बसा, पण त्या सुपावर नको, मोडेल. म्हाताऱ्याला उन्हातही सुखानं बसू देत नाहीत. धाकटे मालक तुम्ही, ठाण्याला इंग्रजी शिकून आलात, आणि घाणा केवढा धरायचा ते मला विचारता? मी भट्टीवाला. ते गणित तुमच्या वडिलांनी केलं, त्र्यंबकरावांनी, आणि चोख केलं, खोटं कशाला बोलू. आधी आम्ही लहान घाणे काढायचो — भात भिजवा, तापल्या वाळूत भाजा, गरम आहे तोवर बायकांनी कांडून पोहे करायचे, की झाला एक घाणा, मग पुन्हा पहिल्यापासून. मध्ये वाळू निवायची, पुन्हा तापवायला भट्टी मुरबाडचं लाकूड गाडी-गाडीनं गिळायची. त्र्यंबकराव म्हणाले, घाणा मोठा करा. केला — तर भिजलेलं भात वाट बघून आंबलं. मग थोडा कमी, मग आणखी थोडा, आणि शेवटी जिथे लाकूडही वाचतं आणि भातही आंबत नाही तिथे थांबले. तीन जुन्या घाण्यांचा एक नवा. मुंबईला आगगाडीनं दुप्पट पोती जायला लागली. तोच धरा. झालं उत्तर, उठा.

उठत नाही? बायका का कुरकुरत होत्या म्हणता — कुणी सांगितलं, भिवा मुकादमानं? त्याला दुसरं काय काम आहे. अहो, घाण्यामागे पसाभर पोहे कांडपिणीनं ओटीत घालून घरी न्यायचे, ही कारखान्याची रीत. तुमच्या आजीनंच घातलेली. विधवा बाई, याच अंगणात स्वतः मुसळ घेऊन उभी राहायची, तेव्हापासूनची. आता घाणा तिप्पट झाला, पसा मात्र एकच राहिला. त्र्यंबकरावांच्या ध्यानातही आलं नसेल — लाकूड मोजलं, भात मोजलं, पसा कोण मोजतो? आमच्या घरात मोजायचे. पोरं तेवढेच खाऊन निजायची.

सगुणा, माझी बायको, तुमच्या आजीकडे गेली. मी भट्टीपाशीच होतो, या कानांनी ऐकलं. म्हणाली, "काकू, भात उणं नाही, कांडणं उणं नाही, मग पसा का उणा?" त्या म्हणाल्या, "तू आपली जुन्या मापानं घे गो. त्र्यंबकाला मी सांगते." घेतले तिनं. आठवडा गेला नाही तोच भिवानं तिला फाटकात धरली, ओटी सोडायला लावली, सगळ्या बायकांपुढे. पोहे मातीत. त्र्यंबकराव आले — तसा माणूस वाईट नाही — आईकडे वळून विचारलं त्यांनी, "आई, तू सांगितलं होतंस?" मी ओरडलो, "काकू, बोला की!" काकू तांदळातले खडे निवडत होत्या. निवडतच राहिल्या. किल्ल्या नुकत्याच मुलाच्या कमरेला गेल्या होत्या, त्याची भीती असेल. असेल. मला काय ठाऊक.

सगुणा पुन्हा मुसळाला शिवली नाही. दुसरीकडे कुणी कामाला घेईना, पोहेचोर म्हणायचे. घरात पोहे दिसले की उठून बाहेर जायची. त्याच साली, गौरी आल्या तेव्हा वारली. आता काही वाटत नाही हो. भट्टीपुढे उभं राहून हाताचं कातडं मरतं ना, निखारा ठेवला तरी कळत नाही, तसं. भिवा दारू पिऊन येऊन पाया पडून गेला — त्याचं काय, तो हुकमाचा ताबेदार.

मग रोज इथेच का बसतो? सांगितलं ना, उन्हाला. ऊन काय तिकडे कल्याणच्या खाडीवर पडत नाही, असं म्हणायचंय तुम्हाला? … बरं. उन्हाला नाही. या खिडकीच्या आत खाट आहे आजीची, खोकत पडून असतात, म्हणून. त्यांनी डोळे उघडले की आधी मी दिसावा. मला पाणी नको, दक्षिणा नको — सगुणा चोर नव्हती, एवढंच त्यांनी बोलावं, या अंगणात, मोठ्यानं.

बघा, खोकला थांबला आतला.

जा तुम्ही. तुमची भट्टी पेटली असेल, भात आंबेल. मी आहे इथेच. ऐकलंत ना, गोदाकाकू?