पुतळ्याचं वजन

अग्निशमन दलाच्या वार्षिक चाचणीसाठी आलेला एक प्रौढ जवान आणि त्याची सहधर्मचारिणी प्रतीक्षाकक्षात माझ्या शेजारीच बसली होती. त्यांचा संवाद सहज कानी आला, तो असा :

"पाय हलवू नका हो, बाकडं हलतंय."

"चाचणीतला तो माणसाच्या वजनाचा पुतळा उचलता आला नाही, तर मला बंबाच्या गाडीवरून उतरवून फोनपाशी बसवतील."

"रोज मला पाठुंगळी घेऊन तीन मजले चढता की!"

"चढतो, आणि आता धापही लागत नाही. तळलेलं सोडलं, घंटेच्या धाकानं भराभर गिळणं सोडलं, त्याचा गुण."

"तुमच्यासोबत मीही सोडलंच ना."

"अगं, खरंच बारीक झालीस की तू!"

"लवकर दिसलं."

"म्हणजे माझी ताकद वाढलीच नाही, तूच हलकी झालीस! पुतळा थोडाच पथ्य पाळतो?"

"म्हणून तर मी कमरेला वाळूची पिशवी बांधत होते. जेवढी मी उतरले, तेवढी वाळू चढवली."

"आणि जिन्यात वाळू सांडते म्हणून मी शेजाऱ्यांशी भांडलो!"

"नाव पुकारलं तुमचं. आधी पास होऊन या, मग त्यांची माफी मागा."