मरियमचा प्रश्न आणि माझा मलिदा

मलिद्याचं ताट मांडलं ना, की मला अजून मरियम आठवते. आम्ही नुकतेच इस्रायलला आलो होतो, रेशनचे दिवस. तेल अविवच्या एका लाँड्रीत ती माझ्या शेजारी चादरींना इस्त्री करायची. शेजारच्या याफो गावची ख्रिस्ती बाई, रविवारी चर्चला जाऊन मग कामावर यायची.

एकदा मुकादमबाईनं तिला सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं, तुमचे देव तीन ना?"

मरियमचा चेहरा उतरला. "आमच्या घरी पूर्वीपासून असंच आहे," एवढंच म्हणाली.

मला राहवेना. अलिबागला मिशनच्या शाळेत आम्ही बेने इस्रायलच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, मुलीही बायबलच्या तासाला बसायचो, सगळं तोंडपाठ. मोडक्यातोडक्या हिब्रूत मीच सांगितलं, "देव एकच. पिता, पुत्र, पवित्र आत्मा, हे तीन वेगळे देव नव्हेत."

मुकादमबाई पुढच्या टेबलाकडे वळली. मरियमनं बाहेर येऊन डोळे पुसले. "पिता, पुत्र, पवित्र आत्मा म्हणत जन्मभर क्रूसाची खूण करतेय. काय करतेय ते आज कळलं."

त्या आनंदात मी तिला घरी मलिद्याला, म्हणजे आमच्या नवसाच्या प्रसादाला, बोलावलं. मुंबईहून आलेलं खोबरं, गुळातले पोहे, पाच फळं, एलियाहू नबीची प्रार्थना. मरियमनं हळूच विचारलं, "याच नबीच्या नावानं का गं? आणि पोहेच का?"

मी म्हटलं, "आमच्यात पूर्वीपासून करतात."

ती हसली नाही. घास हातात धरून म्हणाली, "मीही मुकादमबाईला हेच सांगितलं होतं."