सत्ताविसावा सेकंद

— सूचना? म्हणजे सरकारनं मुलांसाठी पैसा कसा द्यावा, ते मी सांगायचं? अहो मॅडम, अकरा वर्षं या हेल्पलाइनवर पोरांचे फोन घेतेय, आजवर वरून कोणी पंखा चालतो का एवढंसुद्धा विचारलं नाही. बरं, घ्या लिहून. पहिली सूचना — अनुदान 'निकाली' फोनांवर देऊ नका. निकाली म्हणजे काय, तर पोरानं नाव-गाव सांगितलं, आम्ही कोणाला तरी तिकडं धाडलं, झाला फोन निकाली. तसले फोन मोजायचे आणि तेवढेच पैसे. आणि जे पोर बोलतच नाही? त्याला म्हणायचं मूक फोन. तीस सेकंद थांबायचं आणि ठेवून द्यायचा — तो बघा नियम, तुमच्या मागं भिंतीवर. मूक फोनाला दमडी नाही. पण घाबरलेलं पोर कधी घडाघडा बोलतं का? तुमचं बोलतं? नाही ना.

एक होती — म्हणजे मुलगी होती हे मागाहून कळलं. दुपारी साडेतीनला फोन यायचा. शब्द नाही. नुसता श्वास, आणि नखानं वाजवल्यासारखी टकटक. शेजारच्या खुर्चीवरची म्हणायची, "आलं बघ तुझं टकटक पोर." हसायचो आम्ही — काय करणार, दिवसभर नको ते ऐकून माणूस कशावरही हसतं. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "बाळा, हो असेल तर एकदा वाजव, नाही असेल तर दोनदा." वाजवलं की! शाळेत पाठवतात? दोन. घरात कोणी आहे? एक. झोपलंय? एक. आई? दोन, तेही पटकन. मारतात? ...एक. इतकं हळू, की फोन कानात रुतेपर्यंत दाबून धरला होता मी.

पण टकटकीतून पत्ता कसा काढायचा? नंबरावरून घर शोधायला पोलिसांना पत्र लागतं, पत्राला साहेबांची सही, आणि साहेबांच्या गळ्यात तीन केंद्रं. माझा अर्ज गेला तो गेलाच. ही दुसरी सूचना, लिहा — तासाभरात पत्ता हातात पाहिजे, सहीबिही नंतर. आठ खुर्च्या होत्या इथं, उरलो तिघी. मी त्या टकटकीशी पाऊण पाऊण तास बोलायची, तोवर बाकीचे फोन वाजून वाजून गप्प. साहेब म्हणाले, "ताई, तुमच्या एका मुक्या फोनापायी आणखी एक खुर्ची जाईल. कोणाला घरी बसवू, तुम्हीच सांगा." आणि शेजारच्या खुर्चीवरच्या बाईचा नवरा अंथरुणाला खिळलेला. कोणाचं नाव घेऊ मी? बाराव्या दिवशी फोन आला आणि — लाइन तुटली. तुटतात हो लाइनी, यंत्रं जुनी आहेत, कितीदा सांगितलं —

काय? नोंदवही? ...वाचून आलात होय.

मी ठेवला. मीच. तीस सेकंदसुद्धा नाही — सत्ताविसाव्या सेकंदाला. त्या दिवशी टकटक वेगळी होती — एक नाही, दोन नाही, नुसती घाईघाईनं, दार बडवल्यासारखी. कळलं होतं मला. नाही कळलं असं कसं म्हणू? पण महिनाअखेर होती, दुसरा फोन वाजत होता, आणि मी ठेवला. वर वहीत लिहिलं — 'खोडसाळ'. त्या एका शब्दावर चौकशीत सगळे सुटले. केंद्राची चूक नाही, नियमाप्रमाणे झालं. मीही सुटले.

तिचा काका जागा झाला होता. त्याच्याच मोबाइलवरून करायची ना — पोलिसांना त्यात आमचा नंबर बारा वेळा सापडला. दोन दिवसांनी वीजमीटर बघायला आलेल्या माणसाला कुलूपबंद दारामागून कण्हणं ऐकू आलं, म्हणून सापडली. नऊ वर्षांची पोर. हात दोन ठिकाणी मोडलेला. जगली. जगली हो.

आता बालगृहात आहे. मी जाते दर रविवारी, रीतसर परवानगी काढून. वेणी घालून देते तिला. मी बोलत मात्र नाही, एक अक्षर नाही — चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता माझा, पण आवाज? आवाज ओळखेल ना ती. तीच बोलते, आता खूप बोलते. मागच्या रविवारी मान वळवून म्हणाली, "मावशी, तुम्हाला बोलता येत नाही?" मी मानेनंच नाही म्हटलं. तर माझ्या हातावर हात ठेवला तिनं. म्हणाली, "घाबरू नका. इथं कोणी मारत नाही."

नको, पाणी नको मला. आणि हे लिहू नका — त्या दोन सूचना तेवढ्या न्या. उठा आता, मॅडम. उठा.