पिशवीखालची जखम

ताईबाई : मलमाची ट्यूब भरलेलीच हाय, बिबीजान.

बिबीजान : दुसरी असंल ती.

ताईबाई : जुनी संपल्यावर ही एकच आणलेली. शिरूरच्या सिस्टरनं दाबून बघितली. म्हणाली, आजी, महिनाभर हे मलम कुणी लावलेलंच न्हाई.

बिबीजान : कालची पोर ती. तिला काय कळतंय.

ताईबाई : तिला कळतंय. मला दिसत न्हाई. आतडं पोटावर काढलेलं, त्यावर पिशवी, आन् जखम पिशवीखाली. वाकले तरी नजर पोचत न्हाई. म्हणून तुला सांगितलं. सुनेला न्हाई, लेकीला न्हाई.

बिबीजान : रोज येत व्हते की. धुवत व्हते, पिशवी बदलत व्हते.

ताईबाई : आन् रोज म्हणत व्हतीस, आता रुपयाएवढीच राहिली. तळहाताएवढी झालीय.

बिबीजान : शिरूरच्या लोकांना सगळंच मोठं दिसतं.

ताईबाई : हसवू नकोस. तुझ्या बाळंतपणातले कपडे मी भीमेवर धुतले. तुझं पहिलं पोर गेलं, तवा सगळ्या म्हणत व्हत्या, झोपलंय. खरं कुणी सांगितलं?

बिबीजान : तू.

ताईबाई : मग?

बिबीजान : मलम तेलकट. लावलं की पिशवी चिकटंना. माझ्या शिरीनच्या लग्नात मांडवातच सुटली, सगळं लुगडं भरलं. त्यानंतर तीन आठवडे तू उंबरा वलांडला न्हाईस. जेवणबी टाकलंस. मग मी मलम बंद केलं. पिशवी टिकाया लागली. तू परत वट्यावर येऊन बसाया लागलीस.

ताईबाई : त्याला पातळ औषध मिळतं. लावायचं, वाळू द्यायचं, वर पिशवी बसती. सिस्टरनं आज दिलं.

बिबीजान : मला कुठं ठाऊक व्हतं?

ताईबाई : मलाबी न्हवतं. पण मी जाऊन विचारलं असतं. जखम वाढतीय हे कळाया तर पाहिजे.

बिबीजान : चुकलं माझं. आण ती बाटली, लावते.

ताईबाई : आधी भिंतीवरचा आरसा काढ.

बिबीजान : नको बघू, ताईबाई. तुला बघवायचं न्हाई.

ताईबाई : काढ.

(बिबीजान आरसा आणून तिच्या पोटापाशी धरते.)

ताईबाई : नीट धर. आन् काय दिसतंय ते मला सांगू नकोस.