दोन्ही जागांच्या बाहेरचा ठिपका

काकू, प्राचार्य मॅडम, सरांचे विद्यार्थी आणि कुरुंदवाडहून आलेल्या सरांच्या भावकीतल्या मंडळींनो,

मी सुभाष. फिजिक्सच्या लॅबमधला सहायक. चौगुले सरांच्या हाताखाली वायरी जोडल्या, आरसे पुसले. माईकसमोर बोलायची सवय नाही. पण बोलायला पाहिजे. सर गेले, आणि माझं एक खोटं त्यांच्याजवळ राहून गेलंय.

सरांना शेवटची कितीतरी वर्षं एकाच गोष्टीनं पछाडलं होतं. दुर्बल मूल्य. पोरं 'वीक व्हॅल्यू' म्हणतात. काकू, तुम्ही सरांना म्हणायच्या, "ह्ये काय अशक्तपणाचं काढलंय?"

तर ते असं. कण इतका नाजूक, की नीट मोजायला गेलं की त्याची अवस्थाच मोडते. म्हणून हळूच मोजायचं. इतकं हळू, की एका मापातून काहीच कळत नाही. मग हजारो मापं घ्यायची, शेवटी एक चाळण लावायची, आणि जे कण पार झाले त्यांचीच सरासरी काढायची. ती कधीकधी अशी येते, की पेपर दहा मार्कांचा आणि सरासरी शंभर! आता सांगा, या शंभराला अर्थ काय?

सरांनी ते प्रकाशावर करून बघायचं ठरवलं. लेसर, एक स्फटिक, त्याच्या पुढं-मागं पोलरॉइड, म्हणजे उजेड गाळणारी काच. स्फटिकातून उजेड दोन जागी जातो, दोन्हींत केसाएवढंही अंतर नाही. शेवटचं पोलरॉइड म्हणजे चाळण. ते जवळजवळ सगळा उजेड अडवतं. तीन आठवडे सर त्याच्यापुढं बसून होते. एक दिवस कॅमेरा चालू ठेवून ते तासाला गेले. मी आत आलो, तर पडद्यावर मंदसा ठिपका, आणि तोही दोन्ही जागांच्या बाहेर! मला वाटलं, टेबलाला कुणाचा धक्का लागला. मी इमानदारीत पोलरॉइड फिरवलं, ठिपका झगझगीत केला, मधोमध आणून ठेवला.

सर आले. पडद्याकडं बघितलं. रागावले की ते मला अहो-जाहो करायचे.

"सुभाषराव, कशाला हात लावला?"

"ठिपका जागेवर आणला, सर."

सर स्टुलावर बसले. "अहो, ज्याच्यासाठी तीन आठवडं बसलोय, तेच दुरुस्त केलंत की!" आणि मग हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला शेजारी बसवून पहिल्यापासून समजावलं, की तो बाहेरचा ठिपका म्हणजेच दहाच्या पेपरातले शंभर. सहायकाला कोण समजावतं, सांगा?

समजलं, आणि मी वाद घालायला लागलो. "सर, दोन लाटा एकमेकींना खोडतात, उरलेला उजेड बाहेर दिसतो. चाळण आपण लावली. मग हा आकडा उजेडाचा कसा? आपल्या निवडीचा न्हाय का?"

सर म्हणायचे, "निवडला म्हणून खोटा व्हतो व्हय? चाळणीतून पार होणाऱ्या कणाला वाटेत कुणीबी हळूच भेटू दे, त्याला धक्का ह्याच आकड्याच्या हिशेबानं बसणार. मग आकडा त्या कणाचा न्हाय तर कुणाचा?"

"एकाच कणाचा आकडा दाखवा."

"थांब की जरा!"

जगातली मोठमोठी डोकीही यावर एकमताची नाहीत, असं सर खुशीत सांगायचे. रोजच्या चहाला हा वाद ठरलेला.

गेल्या महिन्यात दवाखान्यात गेलो. सर फार खंगले होते. म्हणाले, "सुभाष, अजून पटत न्हाय व्हय रं?" मला त्यांच्याकडं बघवेना. म्हणालो, "पटलं, सर."

"कशामुळं पटलं?"

मी त्यांची चादर सारखी करायला लागलो. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. "आजाऱ्याला हो म्हणायला आलास. जा घरला."

उद्या जाऊ, उद्या जाऊ करत पुन्हा जायचं राहिलं. मग काकूंचा फोनच आला. फार वाईट वाटतं.

गेलेल्या माणसाचं म्हणणं शोकसभेत खोडू नये म्हणतात. पण सर, त्या दिवशी मी खोटं बोललो. मला पटलेलं न्हाय. तुमच्या त्या धक्क्याचं उत्तर मला देता येत न्हाय, आणि माझ्या एकट्या कणाचं तुम्हाला देता आलं न्हाय. सोमवारी मी पोरांना लॅबमध्ये बसवणार हाय. तुमची बाजू मी मांडणार. जीव तोडून मांडणार. पोरांनी ती खोडून दाखवायची.

चला, उभं राहूया. दोन मिनिटं शांत राहूया. हो ला हो करणारी शांतता सरांना कधी आवडली नाही. म्हणून गप्प राहा, पण विचार करत राहा.