ट्युनिशियाची मुख्य आयात

लेकीच्या प्रोजेक्टचं सांगतो. शाळेत तिला देश मिळाला ट्युनिशिया. इतिहास, लोकसंख्या, अर्थव्यवस्था, सगळं लिहायचं होतं. इथे आखातात, अल सद्द भागात आमच्या खालच्याच मजल्यावर सलीम म्हणून ट्युनिशियाचे गृहस्थ राहतात. मी म्हटलं, "नेटवरून काय उतरवतेस, खाली जाऊन विचार."

गेली, आणि वाडगाभर ऑलिव्ह घेऊन आली. बायको म्हणाली, "रिकामा वाडगा कसा परत द्यायचा?" म्हणून चकल्या गेल्या. तासाभरात त्याच वाडग्यातून खजूर आले. आम्ही लाडू पाठवले, त्यांनी हरीसा, म्हणजे त्यांची लाल मिरचीची चटणी. आठवडाभर हेच चाललं. इतिहास तसाच राहिला.

शेवटी मीच खाली गेलो. "सलीमभाई, खलास. वाडगा तुम्हीच ठेवा."

ते इंग्रजीत म्हणाले, "अहो, तुम्ही थांबा ना आधी. आमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत."

लेकीनं अर्थव्यवस्थेत लिहिलं: निर्यात ऑलिव्ह तेल, खजूर. मुख्य आयात चकली.

टीचरनं चकलीभोवती लाल गोल काढून विचारलं, "सोर्स?"

लेकीनं खाली लिहिलं, "माय मदर."