रोशाचा डोंगर आणि गावाच्या टाळ्या

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष सरपंच रतिलालभाई, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते रेंजरसाहेब, खुर्च्यांवरचे पाहुणे, सतरंजीवरचे गावकरी, आणि दारामागे उभ्या राहून ऐकणाऱ्या बायांनो! आत या, जागा पुष्कळ आहे.

मी जसोदाबाई. पंचायतीत बायांच्या जागेवर घेतलेली सभासद. शिक्षण दुसरी. तरी भाषण लिहून आणलं आहे. तोंडी बोलणाऱ्या बाईला मध्येच चहा देऊन बसवतात. कागद वाचणाऱ्याला थांबवायला लाज वाटते.

साहेब इथं आले तेव्हा त्यांचा कोट सैल होता, आता बटण लागत नाही. म्हणजे गावानं खाऊ घालण्यात कसूर केलेली नाही. माणूस वाईट नाही. माझ्या सुनेला साप चावला तेव्हा त्यांनीच तिला स्वतःच्या जीपमधून शहाद्याला नेलं. ती ही इथं बसली आहे. हे आधी सांगितलं, कारण पुढचं गोड नाही.

पाहुणे नवे आहेत, त्यांच्यासाठी सांगते. गावाच्या डोक्यावर दोन डोंगर, मोठा आणि भुऱ्या. दोन्हींवर रोशा गवत. त्याचं तेल अत्तरात, साबणात जातं. नाल्यावर नंदुरबारच्या हबीबभाईंची भट्टी होती, त्यांच्या आजोबांपासूनची. गवत फुलावर आलं की कापायचं, बी धरायला एक पट्टा उभा सोडायचा, पायथा गुरांना ठेवायचा, उकळून निघालेलं गवत बायांना जळणाला द्यायचं, अशी रीत. कधी त्यांना हाव सुटली तर आम्ही बाया नाल्यावर जाऊन भांडायचो. ते म्हणायचे, "जसोदाबेन, सवेरे सवेरे जबान को धार लगाके आती हो क्या?" आणि कोयते मागे घ्यायचे. भांडायला समोर माणूस होता, एवढं लक्षात ठेवा.

मग दिल्लीनं कुठल्याशा दूरच्या देशाशी करार केला. तिकडून यंत्रं यायची, इकडून तेल जायचं. देशाला यंत्रं लागतात, मला कळतं. मोट सोडून इंजिन मीही बसवलं आहे. पण तेल कधी द्यायचं ते तिकडं ठरलं. गवत फुलावर कधी येतं, हे तिकडच्यांनी कुणाला विचारलं? आम्हाला विचारायला कोण आलं?

आले होते म्हणे! मागच्या होळीच्या आधी याच शाळेत नव्या ठेकेदाराचा सत्कार झाला. शाल, नारळ, पेढे. पाहुणे परदेशावर बोलले, प्रगतीवर बोलले, शेवटी डोंगराचंही काहीतरी बोलले. आपण टाळ्या वाजवल्या. पाहुणा बोलायचा थांबला की टाळी वाजवायची, ही आपली सवय. ऐकलं असो नसो.

आठवड्याभरात मोठ्या डोंगराला तारेचं कुंपण पडलं आणि नथ्थूच्या म्हशी कोंडवाड्यात गेल्या. नथ्थू आणि मी साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, "बाई, गावाची संमती आहे. ग्रामसभेत टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झालं."

नथ्थू म्हणाला, "साहेब, ती सभा व्हती का? आम्ही तं पेढा खावाले उनथूत!"

पेढा खायला आलेल्यांची म्हणे संमती! साहेबांना हसू आलं. मलाही आलं. म्हशींना आलं नाही.

ठेकेदारानं फुलाची वाट पाहिली नाही, पट्टा सोडला नाही, कुदळी लावून मुळासकट खरवडलं. पावसात डोंगराची माती नाल्यात आणि नाल्यातून विहिरीत उतरली. वर भट्टीचं तेलकट पाणी. मंगलाबाईच्या हंड्याला अत्तराचा वास येतो. तिचा नवरा दगाभाऊ म्हणतो, "आपलं घर नवाबनं व्हई गयं." ती म्हणते, "पी मंग, नवाबसाहेब." त्यांच्या घरात सगळ्यांची पोटं बिघडली आहेत, ते मात्र कुणी हसून सांगत नाही. आणि भट्टी ठेकेदाराकडे गेली, हबीबभाई त्याच भट्टीवर आता मजुरी करतात.

मी साहेबांना म्हटलं, पट्टा सोडायचा नियम तुमच्याच खात्याचा आहे ना? ते म्हणाले, "आहे. पण माल वेळेत गेला नाही तर करार मोडतो." शहाद्याच्या कचेरीत गेलो, त्यांनी धुळं दाखवलं. धुळ्यानं मुंबई दाखवली. मुंबईच्या पलीकडं माझी बोली कोणाला कळणार? आता भांडू कोणाशी?

आज सकाळी रतिलाल घरी आला. माझ्या दिराचा मुलगा, म्हणून एकेरी. म्हणाला, "काकी, तुम्ही सायेबना निरोपना दोन शबद बोला. मंग मी भुऱ्या डोंगरनं सांगस. लोके टाळ्या वाजाडतीन, काम व्हई जाई."

मी बोलते आहे. रतिलाल, पाणी पी.

गावाची उरलेली चराई भुऱ्यावर आहे. बिनवासाचं पाणी देणारा एकच झरा, तोही तिथं. म्हणून माझी मागणी एवढीच, की तो विषय आज इथं निघू नये. त्याला वेगळी ग्रामसभा बोलवा, दवंडी देऊन, पेढ्यांशिवाय. एकेकानं हात वर करून नाव सांगावं. सगळ्यांनी डोंगर ठेकेदाराला द्या म्हटलं तर मी गप्प बसेन. खोटं कशाला बोलू, गप्प बसणार नाही. पण मान्य करीन.

साहेब, तुमची बदली धडगावला झाली आहे. तिकडं डोंगर पुष्कळ, करार तिकडंही पोचेल. तिथली माणसं पाहुणा आला की ढोल वाजवतात. त्या ढोलाला संमती समजू नका, एवढं म्हातारीचं ऐका. सूनबाईच्या वतीनं तुम्हाला नमस्कार.

मला बोलू दिलं, याबद्दल सर्वांची आभारी आहे. शब्द वाकडा गेला असेल तर पोटात घाला. सरळ करून सांगायला मला तिसरी शिकावी लागली असती.

आता मी बसते. माझ्यानंतर रतिलाल उठेल. मला टाळी नको, त्यालाही नको. ज्यांना उद्या भुऱ्यावरून पाणी आणायचं आहे, त्यांनी हात मांडीवर ठेवा.

मी बघते आहे.